पोरांचं मन आणि जमिनीचा दावा

(शिबिरातील भाषण)



आपली पोरं आश्रमशाळेतून पळून येतात, भांडतात, नाहीतर गप्प बसून राहतात. गुरुजी म्हणतात, वांड आहे. कोणी म्हणतं, भगताकडे न्या. पण घरातलं सगळं पोर बघत असतं. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर. उचल फिटत नाही. वरून जमिनीवरून हुसकावण्याचा धाक.

अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींचं ऐका. तिथल्या पोरांना अभ्यासक १९९३ पासून दरवर्षी तपासत होते. १९९६ पासून जमातीच्या जुगारखान्यातला वाटा घरोघर मिळू लागला. जी घरं गरिबीतून वर आली, त्यांच्या पोरांचा दांडगेपणा कमी झाला. आईबापांना लक्ष द्यायला सवड झाली होती! मनातली भीती, उदासी मात्र तेवढ्याने हटली नाही.

म्हणून आम्ही सांगतो, पोराला बोल लावू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने आहे. तो मिळवू, आईबापांना पोरांजवळ राहता येईल. गप्प पोराशी बोलू, दवाखान्यातही नेऊ.

दावे घेऊन ग्रामसभेला या. जिंदाबाद!