जोखीम कोणाची? – सुरतेच्या व्यवहारातून एका शब्दाचा अर्थ

(भाषणाचा मजकूर)



रोजच्या बोलण्यात काही शब्द इतके रुळलेले असतात की, त्यांचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही; आणि म्हणूनच त्यांच्या अर्थाचा विचारही फारसा होत नाही. ‘जोखीम’ हा असाच एक शब्द होय. शासकीय परिपत्रकात तो येतो, पीक विम्याच्या कागदावर येतो, शाळेतील आपत्ती व्यवस्थापनाच्या पाठात येतो. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी पुढे घालू पाहणाऱ्या चालकास, “जोखीम घेऊ नका,” असे प्रवासीही सांगतात. बहुतेक वेळी तो ‘धोका’ या अर्थाने वापरला जातो. परंतु या दोन शब्दांत अंतर आहे आणि ते ध्यानात न घेतल्यास व्यवहारात नुकसान होते.

हे अंतर समजून घेण्यास सुरत शहराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. सुरत हे जुने बंदर आहे, हिरे व कापडाची पेठ आहे आणि तापी नदीच्या काठावरील शेवटचे मोठे शहर आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहणारे पाणी अखेर याच शहरातून समुद्रास मिळते. त्याच जिल्ह्यांतून कामासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत यांसारख्या भागांत स्थायिक झाली आहेत. तेव्हा सुरतेची जोखीम ही महाराष्ट्रास परकी गोष्ट नव्हे.

शब्दाचा अर्थ

जुन्या मराठीत आणि गुजरातीतही जोखीम म्हणजे केवळ संकट नव्हे, तर जवळ असलेली मोलाची वस्तू. “अंगावर जोखीम घेऊन रात्रीचा प्रवास करू नये,” असे घरातील वडील मंडळी लेकीसुनांस सांगत, तेव्हा त्यांचा रोख अंगावरील दागिन्यांकडे असे. ‘जोखमीने ठेव’ म्हणजे जपून ठेव. ‘जोखमीचे काम’ म्हणजे जबाबदारीचे काम. सुरतेच्या हिरेबाजारातील आंगडिये आपल्या विश्वासाच्या बळावर हिऱ्यांची पुडकी एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचवितात. ते जे सांभाळतात, त्या मालासच तेथील बोलीत ‘जोखम’ म्हणतात.

भाषेचे अभ्यासक या शब्दाचा संबंध संस्कृतातील ‘योगक्षेम’ या शब्दाशी जोडतात. जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे हा योग आणि जे मिळाले ते राखणे हे क्षेम. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधवाक्यासाठी गीतेच्या नवव्या अध्यायातील जे वचन निवडले, त्यातही हाच शब्द आहे. महामंडळाच्या मुंबईतील मध्यवर्ती कार्यालयाच्या इमारतीचे नावही ‘योगक्षेम’ असेच आहे. भीतीचा वाटणारा शब्द मुळात सांभाळ करण्याचा शब्द आहे, ही गोष्ट लक्षणीय म्हटली पाहिजे.

यावरून धोका आणि जोखीम यांतील भेद स्पष्ट होतो. ओसाड रानातून नदीचा लोंढा वाहून गेला तर कोणाचे काही बिघडत नाही. त्याच लोंढ्याच्या वाटेत घर, जनावरे, धान्याची कणगी आली, की जोखीम उत्पन्न होते. धोका निसर्गात किंवा यंत्रात असतो. जोखीम मात्र माणसाची असते. कारण तिच्यात काहीतरी मोलाचे असते आणि ते सांभाळण्याचा भार कोणावर तरी असतो. म्हणून जोखीम हा शब्द उच्चारताच ‘कोणाची?’ हा प्रश्न आपोआप पुढे आला पाहिजे.

जोखमी हुंडी

या प्रश्नाचे उत्तर सुरतेसारख्या बंदरांतील व्यापाऱ्यांनी पूर्वीच शोधून ठेवले होते. मोगल अमदानीत सुरतेहून मोखा, जेद्दा, बसरा अशा बंदरांकडे जहाजे जात. या व्यापारातून शहरात अमाप संपत्ती आली. १६६४ आणि १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वाऱ्या केल्या, त्या याच संपत्तीमुळे. पण समुद्रावर वादळे होती आणि चाचेही होते. जहाज बुडाले तर माल पाठविणारा एका दिवसात कंगाल होई.

यावर पश्चिम किनाऱ्यावरील पेढ्यांनी ‘जोखमी हुंडी’ची पद्धत वापरली. साधी हुंडी म्हणजे अमुक व्यक्तीस अमुक रक्कम द्यावी, असा लेखी आदेश. जोखमी हुंडीत एक अट जास्त असे. हुंडीत नमूद केलेल्या जहाजाने माल सुखरूप पोहोचविला, तरच पैसे द्यावयाचे. माल पाठविणारा व्यापारी ही हुंडी पेढीस विकून रक्कम आधीच हाती घेई. माल बुडाला तर त्याची झळ हुंडी विकत घेणाऱ्यास सोसावी लागे. त्याबद्दलचा मोबदला हुंडीच्या किमतीतच धरलेला असे. म्हणजे एकाच कागदात कर्जाची सोय होती आणि विमाही होता.

या व्यवहारात तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असत. कशाची जोखीम, ती कोणी पत्करली आणि त्याबद्दल त्यास काय मिळणार. वादळ टाळणे कोणाच्या हाती नव्हते. परंतु वादळानंतरचा तंटा मात्र टळत असे. ‘जोखीम पत्करणे’ या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ येथे दिसतो. जो पत्करतो तो जाणून पत्करतो, आपल्या संमतीने पत्करतो.

तापीचे पाणी

आता याच शहरातील दुसरे उदाहरण पाहू. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि महाराष्ट्रातून गुजरातेत जाते. सुरतेच्या वरच्या अंगास उकाई येथे तिच्यावर मोठे धरण आहे. ते १९७२ मध्ये पूर्ण झाले. सिंचन आणि वीजनिर्मिती यांबरोबरच पुराचे नियंत्रण हाही त्याचा हेतू आहे.

या हेतूंमध्येच खरी अडचण दडलेली आहे. सिंचनासाठी पावसाळा संपताना जलाशय भरलेला असला पाहिजे. पूर अडविण्यासाठी तो पावसाळ्यात काही प्रमाणात रिकामा असला पाहिजे. रिकामा ठेवावा आणि पुढे पाऊस ओढ द्यावा, तर शेतकऱ्याच्या रब्बीची जोखीम. भरून घ्यावा आणि वरून लोंढा यावा, तर शहराची जोखीम. योग आणि क्षेम यांची ही ओढाताण आहे. म्हणूनच पावसाळ्यातील कोणत्या तारखेस जलाशयाची पातळी किती असावी, याचे नियम ठरविलेले असतात.

ऑगस्ट २००६ मध्ये या ओढाताणीची कठोर परीक्षा झाली. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक इतक्या वेगाने पाणी सोडावे लागले. गाळ आणि काठावरील बांधकामे यांमुळे आकसलेल्या पात्रास ते पेलले नाही. सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. माणसे दगावली, घरे व कारखाने बुडाले. पाणी आधीपासून थोडेथोडे सोडावयास हवे होते काय, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली.

त्या चर्चेत न शिरताही एक गोष्ट सांगता येते. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या कामगाराने जलाशयाची पातळी ठरविली नव्हती, ती किती आहे हेही त्यास ठाऊक नव्हते. पण जोखीम त्याच्या उंबरठ्यावर आली. पेढीवाल्याने हुंडी घेतली ती समजून उमजून. या कामगाराने काहीच पत्करले नव्हते. जेथे निर्णय एकाचा आणि झळ दुसऱ्यास, तेथे वेळेवर मिळणारी सूचना ही मेहेरबानी नसते. तो त्या दुसऱ्याचा हक्क असतो.

हीच गोष्ट वरच्या अंगासही लागू आहे. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधाऱ्यांतून पाणी पुढे जाते आणि उकाईस पोहोचते. वरच्या ठाण्यावर वेळेवर घेतलेली पाण्याची नोंद, गावात पिटलेली दवंडी, तलाठ्याने केलेला एक दूरध्वनी हे सारे किरकोळ कारकुनी काम नव्हे. ते शब्दशः जोखमीचे काम आहे.

कागदावरील जोखीम

गावकऱ्यांच्या हाती हा शब्द सर्वांत जास्त येतो तो पीक विम्याच्या निमित्ताने. २०१६ च्या खरीप हंगामापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील अनेक हंगामांच्या शासन निर्णयांत ‘जोखीमस्तर ७० टक्के’ असे शब्द होते. त्याचा अर्थ पीक बुडण्याची शक्यता ७० टक्के, असा नव्हे. मंडळातील पिकाचे सरासरी उत्पादन हेक्टरी १,००० किलो धरले, तर त्याचे ७० टक्के म्हणजे ७०० किलो हे उंबरठा उत्पादन. पीक कापणी प्रयोगांवरून मंडळाचे उत्पादन ५६० किलो आले, तर तूट १४० किलोंची, म्हणजे ७०० च्या २० टक्के. भरपाईही विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के. उत्पादन १,००० वरून ७०० किलोंपर्यंत घसरले, तर ती पहिली झळ शेतकऱ्यानेच सोसावयाची. शिवाय हिशेब मंडळाच्या सरासरीचा असतो, एकट्या शेताचा नव्हे. हे आधी समजले नाही, तर पुढे ‘विमा उतरवूनही फसवणूक झाली’ असे वाटते. येथे नुकसानीस अज्ञानाचीही भर पडते.

तीन प्रश्न

शिक्षकांनी हा शब्द वर्गात शिकविताना, अधिकाऱ्यांनी तो टिपणीत लिहिताना आणि गावकऱ्यांनी तो कागदावर वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मोलाचे असे काय पणास लागले आहे? बिघडले तर झळ कोणास बसणार? आणि ज्यास बसणार, त्यास हे आधी ठाऊक आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर काम अजून पुरे झालेले नाही, असे समजावे.

जोखीम संपूर्णपणे टाळून कोणतेही काम होत नाही. पेरणी ही जोखीम आहे, धरण ही जोखीम आहे, पोटासाठी परमुलखात जाणे हीही जोखीमच आहे. परंतु जोखीम अंगावर घेणे वेगळे आणि ती नकळत दुसऱ्याच्या अंगावर टाकणे वेगळे. हा फरक ओळखणे आणि ज्याची जोखीम त्यास ती वेळेवर सांगणे, यातच गावाचे आणि राज्याचे क्षेम आहे.