जमा आणि नावे : घरातल्या वस्तूंच्या उष्णतेचा हिशेब

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपले सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, दहा मिनिटं बोला, पण व्याजदरावर नको." म्हणून पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या विषयाकडे वळतो. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, नंतर बँकेत लागलो, आणि ते भौतिकशास्त्र लेजरांच्या गठ्ठ्याखाली दबून गेलं.

हा विषय घेण्याचं आणखी एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने खाली कट्ट्यावर आलो नव्हतो. विचारणाऱ्यांना "पाय मुरगळलाय" असं सांगत होतो. ते खरं नव्हतं. खरं काय ते सांगतोच, पण आधी थोडा हिशेब समजून घेऊ.

आपण तापमान आणि उष्णता एकच समजतो. ते तसं नाही. एक वाटी आणि एक परात घ्या. दोन्हींत दोन बोटं पाणी ओता. पाण्याची उंची सारखीच, पण परातीत पाणी कितीतरी जास्त. उंची म्हणजे तापमान. आत साठलेलं पाणी म्हणजे उष्णता. काही पदार्थ वाटीसारखे असतात, थोड्या उष्णतेत झटकन तापतात. काही परातीसारखे असतात, भरायला वेळ लागतो आणि रिकामे व्हायलाही वेळ लागतो. एक ग्रॅम पदार्थाचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला जितकी उष्णता लागते, तिला त्या पदार्थाचा विशिष्ट उष्मा म्हणतात. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा फरक नीट मांडला.

आकडे थोडेच सांगतो. पाण्याचा विशिष्ट उष्मा १ कॅलरी. खायच्या तेलाचा साधारण ०.५. अॅल्युमिनियमचा ०.२१, लोखंडाचा ०.११, तांब्याचा ०.०९ आणि पाऱ्याचा फक्त ०.०३. म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये पाणी ही सगळ्यात मोठी परात!

आता स्वयंपाकघरात चला. वहिनींना आंबोळीसाठी बिडाचाच तवा का लागतो? कोणी म्हणेल, अॅल्युमिनियमचा आकडा तर लोखंडाच्या दुप्पट आहे. खरं आहे, पण तो हिशेब ग्रॅमवर आहे. त्याच आकाराचा बिडाचा तवा अॅल्युमिनियमच्या तव्यापेक्षा अडीच पटींहून जड भरतो, शिवाय तो जाडही असतो. त्यामुळे एकूण साठा त्याचा जास्त. गार पीठ पडलं तरी तो डगमगत नाही. पातळ तव्याची शिल्लक पहिल्याच आंबोळीला संपते आणि ती चिकटते.

जुन्या थर्मामीटरमध्ये पारा का घालत? एक कारण हेच. पाऱ्याला तापायला अगदी थोडी उष्णता पुरते, त्यामुळे तो लवकर अंगाच्या तापमानाला येतो.

साठा किती, हा झाला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, तो साठा बाहेर किती वेगाने येतो? बँकेत पैसे भरपूर असले तरी खिडकी एकच असेल तर रांग लागते. स्टीलच्या पेल्यातला चहा बोटांना चटके देतो, कारण पेला पातळ आणि धातूची खिडकी मोठी. चिनी मातीच्या कपातून तीच उष्णता हळूहळू येते. कुकरच्या दांड्याला बॅकेलाइट आणि उलथन्याला लाकडी मूठ असते ती याचसाठी.

बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, प्रत्येक नोंद दोन ठिकाणी होते. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. पदार्थांचंही तसंच आहे. ज्या गुणासाठी आपण एखादी वस्तू निवडतो, तोच गुण दुसऱ्या बाजूला नावे पडलेला असतो.

तेल पाहा. पाण्याच्या निम्म्या उष्णतेत ते तितकंच तापतं, म्हणून कढई भराभर तापते. ही जमा. पण पाणी १०० अंशांना उकळून तिथेच थांबतं, तेल थांबत नाही. फोन आला, आपण बाहेर गेलो, तर ते चढत चढत पेटायच्या पायरीला पोचतं. ही नावे. कढई पेटलीच तर पाणी कधीही ओतू नका. पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. जमत असेल तर आधी गॅस बंद करा आणि वर घट्ट झाकण ठेवा. कढई उचलून मोरीकडे पळू नका.

बटाटेवडाही तसाच. वरचं आवरण पातळ आणि कोरडं, ते लवकर निवतं. आत बटाटा, आणि बटाट्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी. हाताला कोमट लागलेला वडा नातवाची जीभ पोळतो, तो असा. लहान मुलांना वडा फोडूनच द्या.

आता माझ्या पायाची गोष्ट. मला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. जानेवारीतल्या थंडीत पाय गार पडले म्हणून शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरली, पायाशी घेतली आणि झोपलो. त्या पिशवीचा हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो. दोन लिटर पाणी ७० अंशांवरून ४० वर येताना ६०,००० कॅलरी बाहेर टाकतं. दोन किलो लोखंड तेवढंच निवताना ६,६०० कॅलरी टाकेल. म्हणून तर शेकायला पाणी निवडलं. स्वस्त, अंगाला बसणारं आणि तासन् तास गरम राहणारं. पण तासन् तास गरम राहणारी वस्तू तासन् तास भाजतही राहते. मधुमेहाने माझ्या पायाची जाणीव कमी झाली होती. दुसऱ्या कोणी झोपेतही पाय मागे घेतला असता. मला कळलंच नाही. सकाळी हिने फोड पाहिला. जखम चिघळली आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

भौतिकशास्त्राचा पदवीधर, आणि असा मूर्खपणा! लाज वाटली म्हणून मुरगळल्याचं सांगितलं. पण मागच्या महिन्यात आपल्याच बिल्डिंगमधले एक स्नेही सहज म्हणाले, "रात्री पिशवी पायाशी घेतल्याशिवाय मला झोप येत नाही." त्यांनाही मधुमेह आहे. तेव्हा ठरवलं, आता लपवणं बरं नाही.

म्हणून विनंती करतो. ज्यांना मधुमेह आहे किंवा पायाला बधिरपणा आहे, त्यांनी पिशवीने पाय शेकू नयेत, मोजे घालावेत. इतरांनी पिशवीत उकळतं पाणी भरू नये, ती टॉवेलात गुंडाळावी, अंथरूण गरम झालं की झोपण्यापूर्वी काढून ठेवावी. नातवंडांच्या आंघोळीला बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम, आणि ढवळून कोपराने पाहा. आपल्या म्हाताऱ्या हातांवर भरवसा नको, सुनेला किंवा मुलाला बघायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सगळे जिने चढत होतो, आता लिफ्टची वाट पाहतो. शरीराचा हिशेब बदलला, तशा सवयीही बदलायला हव्यात. ते स्नेही आज इथे बसले आहेत. त्यांना एवढंच सांगतो, आज रात्री मोजे घाला, आणि उद्या कट्ट्यावर भेटा.