हक्क आणि संघटना
(वसई येथील भाषण)



कायदा हक्क देतो. परंतु तो हक्क गरिबाच्या पदरात कोण टाकतो, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

‘लग्नगडी’ हा शब्द या भागातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराकडून रक्कम उचलावयाची आणि ती फेडण्याकरिता वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावयाचे, अशी ही रीत होती. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने १९५० साली वेठबिगार निषिद्ध ठरविली. १९७६ च्या कायद्याने वेठीचे कर्ज फेडण्याचे बंधनच नाहीसे केले आणि कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. तरीही कित्येक गडी मालकाच्याच दारी राहिले. एकट्याने अर्ज केला, तर उद्या कामावर कोण घेणार?

याचे उत्तर संघटनेने दिले. विवेक व विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली विधायक संसद व १९८२ साली श्रमजीवी संघटना स्थापन केली. आपल्या वसई तालुक्यातील उसगाव हे त्या कार्याचे केंद्र. वेठबिगार एकत्र आले, तेव्हा एकाचा अर्ज सर्वांचा झाला. १९८२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामाबाबत निर्णय दिला, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीही वेठबिगारच होय. तो खटलाही एका संघटनेच्या पत्रावरून उभा राहिला होता.

संघटनेचे दुसरे रूप पतपेढीचे. वसईच्या कॅथलिक समाजाने १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बँक झाली. घरच्या पतपेढीतून कर्ज मिळाले, तर सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२४ साली त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९४३ साली मजूरमंत्री या नात्याने, मालकांनी कामगार संघांना मान्यता देणे सक्तीचे व्हावे, असे विधेयक त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले.

आज आपली मुले वसई-विरारच्या गाळ्यांत, गोदामांत कंत्राटावर काम करतात. किती जणांजवळ नेमणुकीचे पत्र आहे? किती जणांना वेतनचिठ्ठी मिळते? जयंतीची वर्गणी आपण न चुकता देतो. तसाच संघाच्या वर्गणीसाठीही हात पुढे झाला पाहिजे. मात्र संघाचे हिशेब सर्वांपुढे वाचले जावेत, भगिनींना कार्यकारिणीत स्थान असावे आणि शेजारी राबणाऱ्या आदिवासी, मुसलमान, परप्रांतीय कामगारालाही दार उघडे असावे. मालक मजुरी कापताना जात विचारीत नाही. मग संघाने सभासद करून घेताना ती का विचारावी?

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने संघ स्थापन करण्याचा हक्क आपणांस दिला आहे. तो बजावणे आपल्या हाती आहे.