मिरचीचा दाह व मज्जातंतूंची वेदना

हिरव्या मिरच्या चिरून झाल्यावर हातांची जी आग होते ती नुसत्या पाण्यानें जात नाहीं, हें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक असतें. हात तेलानें किंवा तुपानें चोळावे लागतात. या घरगुती अनुभवांत एका औषधाची अडचण आणि त्या अडचणीचें उत्तर हीं दोन्हीं दडलेलीं आहेत.

मिरचीला तिखटपणा आणणाऱ्या द्रव्यास कॅप्सायसिन हें नांव जॉन थ्रेश या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें इ. स. १८७६ मध्यें दिलें. तें बियांत असतें असा समज रूढ आहे. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरांत तें तयार होतें. पाण्यांत तें जवळजवळ विरघळत नाहीं. स्निग्ध पदार्थांत मात्र सहज विरघळतें. १९४० ते १९५० या दशकांत हंगेरींतील मिक्लोश यान्चो यांना असें आढळलें कीं, ज्या प्राण्यांना हें द्रव्य पुनःपुन्हां दिलें, त्यांना पुढें इतर झोंबणाऱ्या रसायनांचीहि वेदना जाणवेनाशी झाली. जें जाळतें तेंच जळण्याची जाणीव बुजवितें, असा हा विलक्षण प्रकार! त्याचा उलगडा होण्यास १९९७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें मज्जातंतूंच्या टोंकांवरील एक सूक्ष्म द्वार शोधून काढलें. तें कॅप्सायसिननें उघडतें, आणि सुमारें ४३ अंश सेंटिग्रेडच्या वरील उष्णतेनेंहि उघडतें. मिरची जिभेला भाजते असें आपण म्हणतों तें केवळ अलंकारिक नव्हे. तंतूला मिरची व निखारा यांतील भेद कळतच नाहीं. द्वार उघडतांच कॅल्शियमचे कण आंत शिरतात. हा लोंढा फार मोठा असला तर तंतूचें टोंक निकामी होऊन मागें सरतें, आणि तें पुन्हां वाढून येण्यास कांहीं महिने लागतात. २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत ज्यूलियस यांना वांटा मिळाला तो अशाच संशोधनाबद्दल.

नागीण बरी झाल्यावर, फोड वाळून गेल्यावरहि, कित्येक रुग्णांस, विशेषतः वृद्धांस, महिनोन्महिने वेदना छळते. सदऱ्याचें कापड अंगाला घासलें तरी जीव कासावीस होतो. ज्यांनीं घरांत असा रुग्ण पाहिला असेल त्या श्रोत्यांस याहून अधिक सांगणें नको. ही पीडा बिघडलेल्या मज्जातंतूंची. तेथें मिरचींतील द्रव्य पोंचवावें हा विचार सरळ आहे. कसें पोंचवावें, हा खरा प्रश्न.

तें पोटांत घेतलें तर यकृतांत त्याचें विघटन होतें, आणि त्वचेंतील टोंकांपर्यंत पुरेशी मात्रा जात नाहीं. म्हणून मलमें निघालीं. त्यांत कॅप्सायसिन शेंकडा ०.०२५ ते ०.०७५ इतकेंच. तीं दिवसांतून तीन-चार वेळां, आठवडेच्या आठवडे लावावयाचीं. प्रत्येक वेळीं आग, आणि चुकून बोट डोळ्याला लागलें कीं नवें संकट! पुष्कळ रुग्ण मध्येंच कंटाळतात यांत नवल नाहीं.

२००९ मध्यें अमेरिकेंत व युरोपांत मान्यता मिळालेली पट्टी अगदीं उलट मार्गानें जाते. तींत हें द्रव्य शेंकडा ८ असतें. चिकट थरांत द्रवाचे अतिसूक्ष्म सांठे विखुरलेले असतात. त्यांतून तें त्वचेच्या स्निग्ध वरच्या थरांत उतरतें. तेलाशीं असलेली त्याची मैत्री येथें उपयोगी पडते. रक्तांत फारच थोडें जातें व कांहीं तासांत नाहींसें होतें. नागिणीनंतरच्या वेदनेसाठीं पट्टी एकच तास लावतात, आणि पुन्हां लावावयाची ती निदान तीन महिन्यांनीं. हें काम दवाखान्यांतच व्हावयाचें. लावणाऱ्याच्या हातांत नायट्राइलचे मोजे असावे लागतात. साध्या रबराच्या मोज्यांतून मिरचीचें द्रव्य पार होतें. घरीं मिरचीचें वाटण बांधून हा परिणाम साधूं पाहणें घातक आहे, कारण त्यांत किती द्रव्य आहे याचें माप नाहीं आणि कातडीवर फोड मात्र उठतात.

परीक्षेंतहि एक गंमतीची अडचण होती. खरी पट्टी झोंबते. खोटी झोंबली नाहीं तर रुग्ण तिला तत्काळ ओळखणार! म्हणून तुलनेच्या पट्टींतहि शेंकडा ०.०४ कॅप्सायसिन घातलें. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत ४०२ रुग्ण होते. वेदना शेंकडा ३० किंवा अधिक कमी झाली असे रुग्ण खऱ्या पट्टीच्या गटांत शेंकडा ४२ निघाले, व दुसऱ्यांत ३२. हा कांहीं चमत्कार नव्हे. तथापि रात्रंदिवस तळमळणाऱ्यास तासाभराच्या दाहानें कांहीं आठवडे उसंत मिळावी, ही गोष्ट क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

मधुमेहानें पायांच्या तंतूंस जी पीडा होते तिच्यासाठींहि अमेरिकेंत २०२० मध्यें या पट्टीस मान्यता मिळाली. तेथें वेळ अर्ध्या तासाचा. पट्टी लावण्यापूर्वीं दोन्हीं पाय, बोटांच्या बेचक्यांसह, नीट तपासतात; कारण मधुमेह्यास पायाची जखम पुष्कळदां कळलेलीच नसते, आणि फुटलेल्या कातडीवर ही पट्टी लावीत नाहींत.