गोठविलेला चक्का : घरचा थंड खाऊ



उन्हाळा आला कीं घरोघरीं मुलांचा एकच हट्ट सुरू होतो, कांहींतरी गार द्या! हल्लीं दुकानांत ‘फ्रोझन योगर्ट’ या नांवानें गोठविलेलें दहीं मिळतें. दहीं म्हटलें कीं आईबापांचें मन निःशंक होतें. डब्यावरील बारीक अक्षरें वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. साखर किती आहे, हें तेथेंच लिहिलेलें असतें. वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी शक्ति दिवसाच्या एकंदर शक्तीच्या शेंकडा १० हून कमी असावी, शेंकडा ५ हून कमी असल्यास उत्तमच, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें आहे. शेंकडा ५ म्हणजे मोठ्या माणसास दिवसाकांठीं सुमारें २५ ग्रॅम, अवघे सहा चमचे. लहान मुलांस त्याहूनहि कमी.

मग त्यांत इतकी साखर घालतात तरी कां? ही निव्वळ लबाडी नव्हे. अति गार पदार्थाची गोडी जिभेस कमी जाणवते, हें एक. दुसरें असें कीं, साखर विरघळलेलें पाणी सहजासहजीं गोठत नाहीं, म्हणून पदार्थ मऊ राहतो. साखर कमी करून पातळ दहीं तसेंच गोठविलें तर त्यांतील पाण्याचे खडे होतात, आणि तो दगड मुलें बाजूस सारतात.

तेव्हां साखर कमी करावयाची तर आधीं पाणी कमी केलें पाहिजे. ही युक्ति आपल्याकडे श्रीखंडाच्या निमित्तानें पूर्वापार आहे. अर्धा किलो सायीचें ताजें दहीं स्वच्छ फडक्यांत बांधून फ्रिजमध्यें टांगावें. चार-पांच तासांत सुमारें पाव किलो चक्का हातीं येतो. त्यांत एक चांगलें पिकलेलें केळें किंवा अर्धी वाटी हापूसचा रस, चिमूटभर वेलची घालून घोटावें. चाखतांना किंचित् अधिक गोड लागलें पाहिजे, कारण गोठल्यावर गोडी उतरते. फळ आंबट निघालें तर चमचाभर साखर घालावी. तेवढ्यानें कांहीं बुडत नाहीं.

मग ताटांत बोटाच्या निम्म्या जाडीचा थर पसरावा. थर पातळ म्हणजे गोठणें जलद, आणि गोठणें जलद म्हणजे बर्फाचे कण बारीक. जुन्या लांकडी पॉटचा दांडा फिरवून हात दुखेपर्यंत आपण हेंच साधत होतों! वर पिस्त्याचे काप घालून, झांकून, तीन-चार तास ठेवावें. खाण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटें बाहेर काढावें, नंतर वड्या तोडाव्या. अगदीं लहान मुलांस मात्र काप बारीक करून द्यावे, आणि अख्खें द्राक्ष त्यांत कधींहि घालूं नये. तें घशांत अडकतें.

थंडीनें जंतु मरतात ही समजूत चुकीची आहे. ते बहुतेक निजून राहतात. दह्याचे हितकारक जंतुहि आणि अपायकारकहि. म्हणून नासलेलें दहीं गोठवून सुधारत नाहीं, आणि एकदां पूर्ण वितळलेली वडी पुन्हा गोठवूं नये.

खालीं गळलेलें पाणी मोरींत ओतूं नका. दह्यांतील कॅल्शियमचा बराचसा भाग त्यांत उतरलेला असतो. त्यांतच कणीक मळावी.