बाळ रडण्याआधीचे तास



जन्मल्यावर बाळ लगेच रडले नाही की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘याच्या डोक्याला काही होणार नाही ना?’ ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या कोणत्याही नवजात कक्षाबाहेर हा प्रश्न ऐकू येतो. त्याचा ज्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, त्यांत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डॉ. सुधीन थय्यिल यांचे नाव ठळक आहे.

ऑक्सिजन तुटला म्हणून मेंदूच्या पेशी एकदम मरत नाहीत. काही तासांनी नुकसानीची दुसरी लाट येते. ती थोपवण्यासाठी जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचे शरीर 33.5 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचे आणि 72 तास तसेच ठेवायचे, हा उपचार श्रीमंत देशांत रूढ झाला. भारतातही ‘कूलिंग’ सुरू झाले. आपल्या बाळांना ते मानवते का, हे मात्र मोठ्या प्रमाणावर कुणी तपासले नव्हते.

थय्यिल यांच्या ‘हेलिक्स’ अभ्यासाने ते तपासले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालये, 408 बाळे. मुंबईतून त्यात शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय होते. 2021 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निष्कर्ष आले. थंड केलेल्या बाळांपैकी 42 टक्के दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. वाचलेल्यांचे अपंगत्व जमेस धरूनही उपचाराचा फायदा दिसला नाही.

असा निकाल छापायला धैर्य लागते, आणि तो मान्य करायला त्याहून अधिक. तापमान यंत्रच आपोआप सांभाळत होते, त्यामुळे साधनांवर खापर फोडायची सोय नव्हती. इथल्या अनेक बाळांच्या मेंदूची इजा प्रसूतीच्या शेवटच्या मिनिटांत होत नसून त्याआधी, पोटात असतानाच सुरू होत असावी, असे संशोधकांना वाटते.

म्हणजे नजर वळवायची ती प्रसूतिगृहाकडे. कळा सुरू असताना दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावर, नोंदायचे, हे प्रत्येक परिचारिकेला पाठ असते. गर्दीच्या रात्री एकाच सिस्टरला चार खाटा सांभाळाव्या लागल्या की हीच नोंद मागे पडते. कळा वाढवणारे इंजेक्शन देखरेखीशिवाय दिले, तर दोन कळांमध्ये बाळाला श्वास घ्यायची उसंतच मिळत नाही, कारण त्याचा ऑक्सिजन वारेतून येतो आणि कळेत तो प्रवाह आटतो.

आणि तरीही बाळ निपचित जन्मले तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी जाणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. गावातल्याच बायका होत्या त्या. बाळ कोरडे पुसायचे, तरीही श्वास नसेल तर मास्क नीट बसवून हवा द्यायची, छाती उचलली जाते का पाहायचे, हे त्या शिकल्या. जंतुसंसर्ग ओळखून औषधही देऊ लागल्या. 1999 च्या ‘लॅन्सेट’मधील त्यांच्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होता.

गडचिरोलीच्या झोपडीत जे जमले, ते लोकल गाड्यांच्या या शहरांत जमलेच पाहिजे. म्हणून कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि गल्लोगल्लीची खासगी प्रसूतिगृहे यांना एकच विनंती: नवे यंत्र मागवण्याआधी प्रत्येक पाळीत ठोके मोजणारी एक जादा सिस्टर नेमा, आणि प्रत्येक प्रसूतीच्या खाटेशेजारी योग्य मापाचा मास्क हाताशी ठेवा.