ऊन गच्चीवरच अडवावे

नागपूर, अकोला, जळगाव इथल्या जुन्या वसाहतींत साठ-सत्तरच्या दशकांतली घरे अजून उभी आहेत. मे महिन्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही झोप लागत नाही, कारण चार-पाच इंची स्लॅब दिवसभर मुरवलेली उष्णता तेव्हा खोलीत सोडत असतो. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे आतून पीओपीचे सीलिंग आणि त्याच्या पोटात थर्माकोल. श्रोतेहो, हा इलाज चुकीच्या बाजूने होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आतून थर दिल्याने खोलीला थोडा आराम पडतो, पण स्लॅब उन्हातच राहतो. तो दिवसा फुगतो, रात्री आकसतो, त्याला बारीक तडे जातात आणि पावसाचे पाणी सळ्यांपर्यंत पोचते. वर सीलिंगमुळे ती ओल दिसतही नाही. जुन्या घराला हा धोका परवडणारा नाही.

माळवदे बांधणाऱ्यांनी थर वरच दिला होता. मराठवाडा-सोलापूरकडच्या घरांत लाकडी तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्यांचे किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. मात्र फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जाते. ते जुन्या स्लॅबवर टाकता येणार नाही. एक्सपीएसचा, म्हणजे एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन या फोमचा, पाच सेंटिमीटर जाडीचा फलक चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही, आणि उष्णता अडवण्यात तो सुमारे अडीच मीटर जाडीच्या काँक्रीटच्या तोडीचा असतो. आधी उतार नीट करून गळती थांबवावी, जलरोधक थर द्यावा, त्यावर हे फलक बसवावेत आणि ते उन्हावाऱ्यापासून राखायला वर फरशी घालावी. म्हणजे जलरोधक थरही उन्हातून सुटतो.

नुसता पांढरा रंग पुरणार नाही का? सुरुवात त्यानेच करावी. तो स्वस्त आहे आणि बरेचसे ऊन परतवतो. तेलंगणने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच आणले. पण धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उघडा स्लॅब रात्री आकाशाकडे उष्णता सोडतो, ती वाट फलकांच्या थराने बंद होते. हे खरे आहे. म्हणून समोरासमोरच्या खिडक्या रात्री उघड्या राहायला हव्यात. मग आतून गार झालेला स्लॅब दुसऱ्या दिवशी खोलीची उष्णता शोषतो. खिडक्या बंदच ठेवायच्या असतील, तर या खर्चाचे बरेचसे मोल वाया जाईल.

राहिला वजनाचा प्रश्न. विटांचा चार इंची कोबाच चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो, आणि पुष्कळ गच्च्यांवर जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवलेला असतो. तो आधी उतरवावा, स्लॅब ठोकून पाहावा, पोपडे सुटून सळ्या उघड्या पडल्या असतील तिथे अभियंत्याकडून दुरुस्ती करून घ्यावी, आणि मगच फलकांची मागणी नोंदवावी.